सप्तशृंगीतला शृ आणि पायऱ्यांतला ऱ्य

लाटेकमध्ये, म्हणजे आज्ञा लिहून पुस्तक जुळवायच्या संगणकप्रणालीत, मुख्य मजकुराचा फॉन्ट बदलणं हे एका ओळीचं काम. फॉन्टस्पेक हे पॅकेज घ्यायचं, उलट्या तिरक्या रेघेपुढे ‘सेटमेनफॉन्ट’ लिहायचं, महिरपी कंसात फॉन्टचं नाव टाकायचं आणि फाइल पुन्हा चालवायची. इंग्रजी प्रबंधाचं तेवढ्यावर भागतं. आमच्या किल्ल्यांच्या पुस्तकाचं मात्र या एका ओळीनं पार उलटंपालटं झालं. ते निस्तरताना जे हाती लागलं ते लिहून ठेवतेय. मराठीत असंच काही जुळवायला बसलेल्या कुणाची तरी जागरणं वाचतील.

पुस्तक माझं नाही. आमच्या भटक्या मंडळींत एक सर आहेत, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, पंचवटीत राहतात. नाशिक जिल्ह्यातले किल्ले त्यांनी एसटीनं आणि पायी पालथे घातलेत. साल्हेर-मुल्हेर, रामशेज, हरिहर, धोडप, मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, प्रत्येकाची वेगळी वही. त्यातला बराच मजकूर त्यांनी फार पूर्वी एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतला होता, उरलेला मुलाच्या लॅपटॉपवर स्वतः बडवला होता. मी अंबडला एका कारखान्यात डिझाइनचं काम करते. एम.ई.चा प्रबंध लाटेकमध्ये केला होता, एवढ्या भांडवलावर “तुला पुस्तक लावता येतं ना गं?” हा प्रश्न माझ्याकडे आला आणि काम गळ्यात पडलं. वर्डमध्ये का नाही, हे बऱ्याच जणांनी विचारलं. या पुस्तकात पानोपानी ‘वाटेसाठी पान अमुक पाहा’ आहे, मागे गावांची सूची आहे. हे आकडे हातानं सांभाळण्याइतकी मी सहनशील नाही.

पहिलं प्रूफ मी मुक्तामध्ये काढलं होतं. मुक्ता हा ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा फॉन्ट, मुक्त परवान्याचा, बारीकपासून अतिठळकपर्यंत सात वजनांत मिळणारा. पडद्यावर तो फारच नीट दिसतो. सरांनी प्रुफाचा गठ्ठा चाळला, चष्मा काढला आणि म्हणाले, “वाचता येतंय गं. पण ही पाटीवरची अक्षरं आहेत. पुस्तकात रेघ जाड-बारीक हवी.” मग आत जाऊन त्यांनी निर्णयसागरमध्ये छापलेली एक जुनी पोथी आणून समोर ठेवली. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत काढलेला हा छापखाना; त्याचे खिळे ज्यांनी पाहिलेत त्यांना पुढचं सगळं जरा सपकच वाटतं. प्रत्येक अक्षराला बोरूचं वळण, उभी रेघ भक्कम, आडवी जिथे बारीक व्हायला हवी तिथे बारीक. सरांचं बरोबर होतं. दोनशेच्या आसपास पानांचं, सलग वाचायचं पुस्तक. त्याला एकसारख्या जाडीचं अक्षर मलाही नंतर कोरडं वाटायला लागलं.

प्रूफ बघून वैतागणाऱ्यांची परंपरा मोठी आहे म्हणा. १९७७ साली संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांच्यासमोर त्यांच्याच ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं आली, शिशाच्या खिळ्यांऐवजी फोटोटाइपसेटिंगनं केलेली, आणि ती इतकी खटकली की त्यांनी स्वतः अक्षरजुळणीची प्रणाली लिहायला घेतली. तीच टेक. तिच्यावर पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी लाटेक रचलं. कनूथ यांनी सोबत स्वतःचा फॉन्टही बनवला, कॉम्प्युटर मॉडर्न. लाटेकमध्ये काहीच सांगितलं नाही तर आजही तो किंवा त्याचा वारस लॅटिन मॉडर्न लागतो.

आणि त्यात देवनागरी नाही. त्यामुळे मराठी फाइल फॉन्ट न सांगता झीलाटेकनं, म्हणजे देवनागरी वाचू शकणाऱ्या लाटेकच्या अवतारानं, चालवली, तर पीडीएफ तयार होते, चूकही दिसत नाही, पानांवर फक्त विरामचिन्हं आणि इंग्रजी शब्द विखुरलेले असतात. मधला मजकूर गायब. लॉग फाइल उघडली की प्रत्येक हरवलेल्या अक्षरासाठी एक ओळ असते, हजारोंनी. फॉन्ट बदलायच्या आधी मी पहिली गोष्ट केली ती हीच: ‘ट्रेसिंगलॉस्टकॅर्स’ची किंमत ३ केली. म्हणजे नव्या फॉन्टात एखादं अक्षर नसेल तर गुपचूप गाळण्याऐवजी गाडी तिथेच थांबते. २०२१ पासूनच्या टेक लाइव्ह या टेकच्या संचात ही सोय आहे. मराठीत काम करणाऱ्यानं ती कधीही बंद ठेवू नये असं माझं ठाम मत आहे.

मग ती सुप्रसिद्ध एक ओळ बदलली. फाइल चालवली. पानावर काहीही बदललं नाही.

म्हणजे बदललं, पण फक्त इंग्रजी उताऱ्यांत. सरांच्या पुस्तकात १८८३च्या नाशिक गॅझेटियरमधले इंग्रजी परिच्छेद जागोजाग आहेत, तेवढे नव्या अक्षरांत आले आणि मराठी मुक्तातच राहिलं. याचं कारण पॉलीग्लॉसिया. भाषा मराठी आहे हे सांगायला मी ते पॅकेज घेतलं होतं, आणि ते आधी ‘मराठीफॉन्ट’ नावाची आज्ञा आहे का पाहतं, नसेल तर ‘देवनागरीफॉन्ट’ शोधतं, आणि दोन्ही नसतील तेव्हाच मुख्य फॉन्टाकडे वळतं. माझ्या फाइलच्या डोक्यावर ‘देवनागरीफॉन्ट’ म्हणून मुक्ता बांधलेला होता. थोडक्यात, मराठी पुस्तकात ‘मुख्य’ फॉन्ट हा नावापुरता मुख्य असतो. दोन्ही ठिकाणी एकच नाव टाकलं तेव्हा पुस्तक खरोखर बदललं. बेबेल हे याच कामाचं दुसरं पॅकेज वापरणाऱ्यांकडे हेच काम ‘बेबेलफॉन्ट’ करते. तिथली पद्धत मला जास्त सरळ वाटते, पण चालू पुस्तकात पॅकेज बदलायचं धाडस मी केलं नाही.

फॉन्टच्या नावासोबत चौकटी कंसात दोन गोष्टी द्याव्या लागतात, त्या मार्गदर्शिकांत कोपऱ्यात असतात. एक, लिपी देवनागरी. ती नाही दिली तर झीटेक, म्हणजे झीलाटेकचं इंजिन, अक्षरं आहेत तशी ओळीनं मांडतं: पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते, जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. ‘किल्ला’ असा दिसतो की सरांना दाखवायची सोय नाही. दुसरी, भाषा मराठी. हिच्यानं गोष्ट बारीक घडते. एकाच फॉन्टात हिंदी वळणाचे आणि मराठी वळणाचे ल आणि श दोन्ही असू शकतात. भाषा मराठी सांगितली की मराठी वळणाचे वर येतात. शासनाच्या २००९च्या वर्णमालेच्या निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श असंच म्हटलेलं आहे. फॉन्ट बनवणाऱ्यानं ही सोय केली नसेल तर फॉन्टस्पेक लॉगमध्ये एक इशारा टाकून पुढे जातं. तो इशारा वाचायचा, कारण पडद्यावर घाईत बघणाऱ्याला ल-श मधला फरक दिसत नाही. सरांना दिसतो.

फॉन्ट निवडायला मी एक चाचणीचं पान केलं. लिनक्सवर एफसी-लिस्टला भाषेचा संकेत दिला की मराठी चालणाऱ्या फॉन्टांची यादी मिळते. त्यात मी काही उतरवून घेतलेले घातले आणि प्रत्येकात तेच शब्द छापून पाहिले. शब्द सरांच्याच पुस्तकातले. नाशिकचा भूगोल जोडाक्षरांच्या बाबतीत इतका सढळ आहे की वेगळं काही शोधावं लागलं नाही: त्र्यंबकेश्वर, ब्रह्मगिरी, साल्हेर, कण्हेरगड, मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, राष्ट्रकूट, वैशिष्ट्यपूर्ण, हरिहरच्या पायऱ्या, आणि सगळ्यात वर सप्तशृंगी. शेवटी आकडे, १५६७ मीटरवरच्या साल्हेरच्या उंचीपासून पुढे.

‘सप्तशृंगी’ हा शब्द फॉन्टची परीक्षा घ्यायला घडवल्यासारखा आहे. प्त, शृ, त्यावर अनुस्वार, मग दुसरी वेलांटी. काही फॉन्ट अख्ख्या श खाली ऋकार लटकवतात, तर काहींत ‘श्री’तल्यासारखा आखडलेला श येऊन त्याला ऋकार लागतो. माझ्या मशीनवर आधीपासून असलेल्या एका फॉन्टात तो ऋकार श पासून सुटून खाली तरंगत होता. वणीला दरवर्षी पायी जाणाऱ्या माणसाच्या पुस्तकात देवीचं नाव असं छापणं शक्यच नव्हतं. तो बाद.

आयआयटी मुंबईत तयार झालेला शोभिका जोडाक्षरांत कुठेच अडला नाही. संस्कृत ग्रंथ डोळ्यांपुढे ठेवून केलेला फॉन्ट आहे, शिवाय साधा आणि ठळक दोन्ही आहेत. मी त्यावरच थांबले असते. सरांनी मात्र चाचणीच्या पानांतून टिरो देवनागरी मराठी उचलला. टिरो टाइपवर्क्सचे हिंदी, मराठी आणि संस्कृत असे तीन वेगळे फॉन्ट आहेत. मराठीतल्या ल-श ला तिथे भाषा सांगूनही काही बदलावं लागत नाही, मूळच मराठी. “हा बघ, याचा त खाली टेकतो,” सर म्हणाले. टेकतो म्हणजे काय ते मला अजून नेमकं सांगता येणार नाही, पण शेजारी मुक्ताचा त ठेवून पाहिला आणि पटलं.

आता पायऱ्या.

जुन्या डीटीपीवाल्यानं टाइप केलेला मजकूर युनिकोडमधला, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतंत्र संकेत देणाऱ्या पद्धतीतला, नव्हता. त्या काळच्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी तुकडे बसवलेले असत. फॉन्ट बदलला की मराठीच नाहीशी होऊन नुसतं इंग्रजी कडबोळं उरायचं. म्हणजे फॉन्ट बदलणं ही त्या फाइलीत कल्पनाच नव्हती. तो मजकूर एका परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणला होता, आणि मुक्तात सगळं ठीक वाटलं होतं, कारण पहिलं प्रूफ आम्ही मजकुरासाठी वाचलं होतं, अक्षरांसाठी नाही. नवा फॉन्ट मोठ्या आकारात बघताना दिसलं: अर्ध्या पुस्तकात ‘पायऱ्या’ आहेत आणि उरलेल्या अर्ध्यात ‘पायर्या’. र य च्या डोक्यावर जाऊन बसलेला. फॉन्टचा दोष नव्हता, फॉन्ट समोर आहे तेच दाखवत होता.

याची गंमत अशी. मराठीतला हा आडवा, चंद्रकोरीसारखा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक म्हणजे खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग य. दुसरी तऱ्हा म्हणजे साधा र, हलन्त, त्यापुढे न दिसणारं एक जोडचिन्ह, मग य. पानावर दोन्ही सारखेच दिसतात. पण ते न दिसणारं चिन्ह प्रवासात फार सहज गळतं: ईमेलमधून चिकटवताना, परिवर्तकातून जाताना, कुणीतरी ‘अनावश्यक चिन्हं काढा’ असं बटण दाबल्यावर. ते गळलं की उरतो र, हलन्त, य, आणि त्याचा रफार होणं हे नियमानुसारच आहे.

मला वाटलं, सगळे ‘र्य’ शोधून ‘ऱ्य’ करून टाकू. सुदैवानं आधी यादी काढून पाहिली. सूर्य, कार्य, मर्यादा, आश्चर्य, पर्याय, शौर्य. किल्ल्यांचं पुस्तक, शौर्याला काय तोटा! हे सगळे रफाराचेच हवेत. उलट गावकऱ्यांनी, खोऱ्यात, वाऱ्यावर, दुसऱ्या, बऱ्याच, खऱ्या, हे सगळे आडव्या र चे. साधारण नियम असा निघतो की रा-री-रे नं संपणाऱ्या शब्दाचं रूप चाललं की आडवा र, आणि संस्कृतातून तयार आलेला शब्द असला की रफार. पण यंत्राला तो नियम कसा समजावणार? ‘आचार्यांनी’ आणि ‘आचाऱ्यांनी’ दोन्ही शब्द बरोबर आहेत, आणि मुल्हेरच्या प्रकरणात एका मठातले आचार्य आहेत, तर धोडपच्या प्रकरणात शिबिराचे आचारी. ‘दऱ्या’ पुस्तकभर आहेत, आणि एके ठिकाणी ‘दर्या’ आहे, कारण सरांनी कोकणकड्यावरून दिसणाऱ्या धुक्याचं वर्णन करताना तो वापरलाय. एका आवाजात बदल करायला गेले असते तर धोडपचा स्वयंपाक सुखरूप राहिला असता आणि मुल्हेरचे आचार्य स्वयंपाकघरात गेले असते.

शेवटी लहानशी स्क्रिप्ट लिहिली. तिनं फक्त ‘र्य’ असलेले वेगवेगळे शब्द, प्रत्येकासमोर संदर्भाचे चार शब्द, अशी यादी काढली. ती छापून सरांकडे दिली. त्यांनी लाल पेननं खुणा केल्या, अगदी पेपर तपासल्यासारख्या, एका शब्दाला तर चुकून गुणही दिले होते. त्या खुणांवरून बदल झाले. ‘र्ह’चं काम सोपं निघालं, तऱ्हा, कुऱ्हाड, वऱ्हाड, कऱ्हे असलेच शब्द होते, खऱ्या रफाराचा एकही नाही. सगळीकडे मी टिंबवाला ऱ ठेवला. पीडीएफमध्ये शोध घेताना एकच रूप असावं म्हणून, आणि न दिसणाऱ्या कुठल्याही चिन्हावर माझा विश्वास उरला नाही म्हणून.

याच झाडाझडतीत ‘ॲ’ सापडला. युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र जागा आहे, पण ती नंतर मिळाली. त्याआधी टाइप करणारे लोक अ लिहून वर चंद्र लावत. झीटेक आता हार्फबझ या इंजिनातून अक्षरं घडवतं, आणि त्या इंजिनाला अ वर चंद्र हा आगाऊपणा वाटतो. ते मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ छापतं. ‘ॲल्युमिनियमची शिडी’ या शब्दांआधी असं वर्तुळ उमटलं होतं. हा बदल मात्र बिनधास्त एका फटक्यात करता येतो, कारण मराठीत अ वर चंद्र दुसऱ्या कशासाठी येतच नाही.

मजकूर मार्गी लागला तसं ठळक अक्षरांचं प्रकरण उभं राहिलं. टिरो देवनागरी मराठीत साधा आणि तिरपा आहे, ठळक नाही. मथळे, किल्ल्यांची नावं, ‘वाट’, ‘पाणी’, ‘मुक्काम’ असे उपमथळे, सगळे एकदम सौम्य झाले आणि लॉगमध्ये ठळक रूप सापडत नसल्याचे इशारे. फॉन्टस्पेकला खोटा ठळकपणा आणायला सांगता येतं. ते अक्षराच्या कडेनं शाई वाढवतं. पडद्यावर चाललं असतं. सरांचे एक मित्र नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले आहेत, आयुष्य नोटांच्या नक्षीत गेलेलं. त्यांनी खिशातून भिंग काढलं, ‘भ’ आणि ‘ष’वर धरलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. आतल्या पोकळ्या बुजल्या होत्या. ‘ष’ चं पोट फाडणारी रेघ आणि पोट यांच्यात फट उरली नव्हती. “छापताना शाई आणखी पसरते बरं का ताई,” एवढंच म्हणाले. खोटा ठळकपणा त्या क्षणी रद्द झाला.

उपाय घरातच होता. मुक्ताला सात वजनं आहेत. फॉन्टस्पेकमध्ये ‘बोल्डफॉन्ट’ म्हणून वेगळ्या कुटुंबातली फाइल देता येते, तिथे मुक्ताचं सेमीबोल्ड बसवलं. आता मजकूर टिरोत, मथळे मुक्तात. सरांनी ज्याला पाटीवरचं अक्षर म्हटलं होतं ते पाटीच्याच कामाला लागलं, आणि दिसतंही छान. मजकुराच्या मध्येच एखादा शब्द ठळक करणं मात्र मी सगळीकडून काढलं. दोन घराण्यांची अक्षरं एका ओळीत आली की डोळा अडखळतो. तिथे एकेरी अवतरणं.

ओळींमधलं अंतर हा पुढचा घोळ. १२ पॉइंटांच्या मांडणीत लाटेक दोन ओळींच्या पायांमध्ये १४.५ पॉइंटांचं अंतर धरतं. इंग्रजीला ते पुरतं. आपल्याकडे वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, रकार. घर बदलल्यावर जुने पडदे आखूड पडावेत तसं होतं. मुक्तात मी अंतर थोडं वाढवून ठेवलं होतं, टिरोत तेच अंतर काही पानांवर वेडंवाकडं दिसायला लागलं: बाकी ओळी सारख्या, मध्येच एक ओळ जरा खाली सरकलेली. तिच्या वरची ओळ नेहमी ‘राष्ट्रकूट’ नाहीतर ‘महाराष्ट्र’ असलेली. टेक दर दोन ओळींना विचारतं, वरचीची खोली आणि खालचीची उंची मिळून ठरलेल्या अंतरात मावतेय का. ‘ष्ट्र’ सारखं खाली उतरणारं जोडाक्षर वरच्या ओळीत आणि रफार-अनुस्वार खालच्या ओळीत आला की मावत नाही. ती दोन अक्षरं पानाच्या दोन टोकांना असली तरी टेकला फरक पडत नाही, ते ओळीचा सबंध डबा मोजतं आणि तेवढ्याच ओळी लांब करतं. अंतर १९ पॉइंटांच्या आसपास नेलं, तेव्हा कुठलाही डबा अडेना आणि पान एका लयीत आलं. सोबत अक्षर आठ टक्क्यांनी मोठं केलं, कारण १२ पॉइंटांचा टिरो सरांच्या डोळ्यांना बारीक वाटत होता.

अक्षराची रुंदी बदलली की प्रत्येक परिच्छेद पुन्हा मोडतो, आणि टेक परिच्छेद ओळीओळीनं नाही तर सबंध एकदम मोडतं. कनूथ आणि मायकेल प्लास यांची ही पद्धत आहे, १९८१ची. त्यामुळे शेवटच्या ओळीतला एक शब्द बदलला तर पहिली ओळही हलू शकते. परिणाम सुंदर असतो, पण ‘किल्ल्यावरच्यासारख्याच’ असले शब्द ओळीच्या टोकाला आले की समासाबाहेर डोकावतात. मराठीसाठी शब्द तोडण्याचे नमुने टेकमध्ये आहेत, ते चालतातही. सरांना शब्द तोडलेला आवडत नाही. मग ‘इमर्जन्सीस्ट्रेच’ देऊन शब्दांमधली जागा सैल केली आणि जिथे तरीही ओळ बाहेर आली तिथे सरांना वाक्य बदलायला सांगितलं. लेखक हयात आणि फोनवर असण्याचा हा फायदा.

फाइली शेवटी फॉन्टच्या नावानं नाही तर पत्त्यानं जोडल्या: पुस्तकाच्या फोल्डरमध्येच ‘फॉन्ट्स’ नावाचं फोल्डर, फॉन्टस्पेकला त्याचा मार्ग. कारण माझ्या लॅपटॉपवर बसवलेला फॉन्ट आणि दुसऱ्याच्या मशीनवरचा त्याच नावाचा फॉन्ट यांच्या आवृत्त्या वेगळ्या निघतात आणि पानं सरकतात.

छापखाना अशोक स्तंभाकडच्या बाजूला. तिथल्या दादांचा पहिला प्रश्न फॉन्टचा नव्हता. “ताई, फर्मे किती?” मुक्तात पुस्तक १७६ पानांत बसलं होतं, १६ पानांचा एक याप्रमाणे बरोबर ११ फर्मे, आणि कागदाचा हिशेब त्यावरच दिला होता. नव्या फॉन्टात ते १८६ पानांवर गेलं. म्हणजे १२ फर्मे, १९२ पानं, एक फर्मा कागद जास्त. सर म्हणाले, लागू दे. वर्गणी काढणाऱ्या मंडळींनी आवंढा गिळला. अनुक्रमणिका, सूची आणि ‘पान अमुक पाहा’ हे सगळं मात्र फाइल पुन्हा चालवल्यावर आपोआप जुळलं. वर्डमध्ये का नाही विचारणाऱ्यांना मी तेव्हा ती सूची दाखवली.

पीडीएफ देताना एक तपासायचं: गुणधर्मांत फॉन्टांच्या यादीत प्रत्येकासमोर एम्बेडेड असं आहे का. झीलाटेकमधून ते आपोआप होतं, तरी पाहावं. आणि छापखान्यात सांगावं की ही फाइल कोरल या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर म्हणून उघडू नका. उघडली तर जोडाक्षरं सुटी होतात, कारण पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार असतात, लिपीचे नियम नसतात. उघडायचीच असेल तर आकृत्या म्हणून उघडा. दादांना हे माहीत होतं. त्यांच्याकडच्या पोराला नव्हतं, आणि मुखपृष्ठावर नाव टाकायला त्यानं नेमकं तेच केलं. पडद्यावर ‘सप्तशृंगी’चे सुटे भाग पाहून दादा त्याला म्हणाले, “बंद कर ते भो, आधी ताईंचं ऐक.”

उरलेली सहा पानं कोरी सोडणं सरांना पटेना. तिथे ‘टिपणे’ असा मथळा टाकून रेघा आखल्या आहेत, वाचकांनी आपापल्या भटकंतीच्या नोंदी कराव्यात म्हणून. सरांना त्या रेघा जरा जवळ वाटतायत. वाढवते, रेघांना फॉन्ट लागत नाही.